मामांनी बदललेला प्रोसेसर

आखाडा बाळापुरात कुठलीही वस्तू सुखासुखी मरू शकत नाही, कारण तिथं माझ्या आत्याचे यजमान राहतात. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, विहाराचा अँप्लिफायर, फवारणीच्या पंपाची बॅटरी, कुणाच्या तरी मुलीच्या रुखवतातली दिव्यांची माळ, यांपैकी काहीही बंद पडलं की ते आधी त्यांच्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर येतं, आणि एकदा तिथं आलं की त्याला जगावंच लागतं. कधी पूर्वीसारखं, कधी थोड्या वेगळ्या पद्धतीनं. माझ्या वडिलांचा रेडिओ त्यांनी दुरुस्त केला तेव्हापासून तो फक्त उभा धरला तरच बोलतो, पण बोलतो. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामा म्हणते. ते मला मॅडम म्हणतात. मी पहिलीत असताना इंग्लिश मीडियमच्या गणवेशात, टाय लावून त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा त्यांनी खुर्चीतून उठून ‘या मॅडम, बसा’ म्हटलं होतं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. इतक्या वर्षांत ते कधी आलंही नाही, त्यामुळे ती थट्टा होती की मान होता हे मला अजून कळलेलं नाही.

मामा आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवायचे. नोकरीत होते तेव्हा मुलांना यंत्र दुरुस्त करायला शिकवत, आता रिटायर झाल्यावर यंत्र आणणाऱ्या माणसालाच दुरुस्त करतात. टेबलावर वस्तू ठेवली की ते लगेच पेचकस हातात घेत नाहीत. आधी हाताच्या उलट्या बाजूनं तिला स्पर्श करतात, तापलेल्या लेकराच्या कपाळाला करावा तसा, आणि मग तिच्या मालकाची चौकशी सुरू होते. एकदा कोपऱ्यावरचे एक गृहस्थ इस्त्री घेऊन आले.

‘बंद पडायच्या आदी काय करत व्हती?’ मामांनी विचारलं.

‘काहीच न्हाई सर. नुसती चालू होती.’

‘काहीच न करणारी इस्त्री मरत नसते. कापड कोणतं होतं?’

‘साडी.’

‘कोणाची साडी?’

इथं ते गृहस्थ अडखळले. अर्ध्या तासानं असं निघालं की दोन्ही सुनांना एकाच वेळी बाहेर जायचं होतं, दोघींनी इस्त्री आपापल्या बाजूला ओढली आणि वायर मुळापासून तुटली. मामांनी वायर दोन मिनिटांत जोडली आणि इस्त्री त्यांच्या हातात देत म्हणाले, ‘वायर जोडली. आता दुसरी इस्त्री घ्या. बाकीच्या तकलीफीला माझ्याकडं इलाज न्हाई.’

त्यांचं दुसरं वेड म्हणजे लग्नपत्रिका. यंत्र उघडताना निघालेला प्रत्येक स्क्रू ते पत्रिकेत खोचतात. आधी पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेनानं यंत्राचा आकार काढायचा, मग ज्या जागचा स्क्रू त्याच जागी भोक पाडून उभा करायचा, म्हणजे परत बसवताना चुकायला नको. त्यामुळे पत्रिका द्यायला आलेल्या माणसासमोरच मामा ती दोन बोटांत धरून वाकवून पाहतात. लवली तर नुसतं ‘येऊ’ म्हणतात. ताठ राहिली तर ‘सहकुटुंब येऊ’ म्हणतात. एकदा नात्यातल्या लग्नाला जायला आत्या नवी साडी नेसून तयार झाली आणि वेळ पाहायला पत्रिका शोधू लागली, तर ती कुणाच्या तरी वॉशिंग मशीनच्या कामाला आलेली, आणि मुहूर्ताचा आकडाच नेमका स्क्रूच्या भोकात गेलेला. मामा म्हणाले, दोन वाजता आहे. ते लग्न बाराला होतं. दोघं मांडवात पोचली तेव्हा पंगती उठून सतरंज्यांच्या घड्या चालल्या होत्या. घरी येताना आत्या म्हणाली, ‘आपल्या लग्नाची पत्रिका तरी ठेवली का तुमी?’

मामा म्हणाले, ‘ठेवली ना. ती पातळ होती.’

मला त्या खोलीत जाऊन बसायला आवडतं त्याचं कारण मात्र हे सगळं नाही. मला माणसांत बोलणं जमत नाही. हिंगोलीच्या आमच्या घरी पाहुणे आले की मला दोनच प्रश्न विचारतात, नोकरीचं काय आणि लग्नाचं काय, आणि मी उत्तर शोधेपर्यंत तिसऱ्या कुणाला तरी सांगतात, ‘इंग्लिश मीडियमची आहे, आपल्याशी कशाला बोलेल.’ मामांनी मला यातला एकही प्रश्न कधी विचारला नाही. त्यांचे सगळे प्रश्न यंत्रांच्या मालकांसाठी राखीव असतात, आणि माझ्या मालकीचं एकही यंत्र बरीच वर्षं नव्हतं. मी शाळेच्या इंग्रजी वर्कबुकांची भाषा तपासण्याचं काम घरून करते. महिन्यातून चार-सहा दिवस मी आत्याकडे जाऊन राहते, पुढच्या खोलीच्या खिडकीत पाय वर घेऊन बसते आणि काम करते. ते टेबलाशी असतात. दुपारभर आम्ही दोघं मिळून चार वाक्यं बोलतो, आणि संध्याकाळी मामा आत्याला समाधानानं सांगतात, ‘आज मॅडमशी चांगल्या गप्पा झाल्या.’

ते टेबल जायची वेळ आली ती मिक्सरमुळे. आत्याचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ दादा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो घरी आला होता, आणि शेजारच्या काकूंचा मिक्सर दुरुस्त झाल्याची परीक्षा म्हणून मामांनी त्यात शेंगदाण्याची चटणी लावली. मिक्सर इतका दुरुस्त झाला होता की त्यानं झाकण उडवलं आणि अर्धी चटणी छताला नेऊन लावली. सगळे हसले, दादाही हसला. पण त्याच महिन्यात विहाराचा अँप्लिफायर उघडताना मामांना करंट बसला, ते स्टुलावरून पडले आणि कोपर सुजलं. तेव्हा दादा हसला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर त्यांना दिसत नाही आणि उजव्या हाताची बोटं थोडी थरथरतात, हे त्यानं फोनवर आत्याला खोदून खोदून विचारून घेतलं. मग स्पीकरवर मामांना म्हणाला, ‘बाबा, आता बस झालं. मे महिन्यात येतो मी. टेबल काढू, पुढची खोली मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ आणि तुम्ही दोघं इकडं या.’

‘तिकडं काय करू मी?’

‘आराम करा.’

‘आराम करून राहिलेला पंखाबी जाम होतो,’ मामा म्हणाले, आणि फोन आत्याच्या हातात देऊन टेबलाशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी कुठलंही यंत्र उघडलं नाही. पेचकस लहानमोठ्या क्रमानं लावले, मग मोडले, मग परत लावले. आत्यानं मला हळूच सांगितलं, ‘पुण्याला गेल्यावर हा माणूस महिनाभर टिकत न्हाई बघ. तिथं दार उघडलं की दुसऱ्याचं बंद दार दिसतंय.’

नेमका त्याच सुमारास मला लॅपटॉप मिळाला. माझ्या वडिलांच्या ओळखीच्या एका हळदीच्या अडत्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि वजनकाट्याशेजारी दहा-बारा वर्षं उघडा पडलेला जुना लॅपटॉप आम्हाला दिला. तो सकाळी सुरू केला की मी अंघोळ करून, चहा घेऊन यायची तेव्हा कुठे त्याच्यावर अक्षरं उमटायची. एक फाइल उघडली की तो इतका तापायचा की मांडीवर उशी घ्यावी लागे, आणि पंखा असा ओरडायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, कुकर तू लावलास का. मी तो मामांकडे नेला. त्यांनी हाताची उलटी बाजू लावली आणि विचारलं, ‘बंद पडायच्या आदी काय करत व्हता?’ मी म्हटलं, ‘बंद नाही पडला मामा. चालू आहे. हळू आहे.’ हळू असण्याबद्दल मामांकडे प्रश्न नव्हता.

मामांनी फोनवर दादाला विचारलं तर तो म्हणाला, ‘आय थ्री आहे तो. जुना प्रोसेसर. भंगारात द्या.’

‘प्रोसेसर बदलता येतो का?’

‘बाबा, लॅपटॉपचा प्रोसेसर बदलत नसतात. तो बोर्डालाच चिकटवलेला असतो.’

‘नव्याचा चिकटवलेला असतो. जुन्याचा निघतो.’

‘कुणी सांगितलं?’

‘मी सतरा मरेल लॅपटॉप उघडून पाहिले, त्याईनं सांगितलं.’

दादा म्हणाला, ‘बरं. आय थ्री काढून त्याच्याहून वेगाचा आय फाइव्ह बसवून दाखवा. नऊशेच्या वर पिना असतात खाली, केसासारख्या. एक वाकली तरी संपलं. बसवला तर टेबलाला मी हात लावणार नाही. नाही बसवला तर मे महिन्यात खोली रिकामी.’

‘बराबर,’ मामा म्हणाले. आत्यानं कपाळाला हात लावला. मीही मनातल्या मनात लावला, कारण दोन दिवसांपूर्वी चहात बुडवताना मामांच्या हातातलं बिस्किट तीनदा कपाच्या काठाला आपटलेलं मी पाहिलं होतं.

नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्यांचा एक विद्यार्थी आहे. त्यानं एका फुटलेल्या लॅपटॉपमधला आय फाइव्ह काढून, डबीत कापसात गुंडाळून, एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवला. तो माझ्या लॅपटॉपला बसतो हे त्यानं दोनदा पाहून घेतलं होतं. फोनवर म्हणाला, ‘सर, मीच येऊन बसवून देतो ना, काहून तकलीफ घेता?’ मामा म्हणाले, ‘मग नापास कोण होणार, तू का मी?’

ज्या दिवशी हे काम झालं तो रविवार होता. मामांनी सकाळी अंघोळ करून पांढरा शर्ट घातला. एका सराफाच्या घरच्या लग्नाची पत्रिका त्यांनी याच कामासाठी राखून ठेवली होती, पुठ्ठ्यासारखी जाड, कडेला सोनेरी वेल. तिच्या मागच्या बाजूवर त्यांनी लॅपटॉपचं पोट रेखाटलं आणि एकेक स्क्रू तिथं उभा केला. झाकण निघालं आणि आम्ही दोघं जरा मागे सरलो. आत सगळं पिवळं होतं. पंख्याच्या पात्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यात, गरम हवा बाहेर जायच्या जाळीत हळदीचा थर बसून त्याची वडी झाली होती. मामांनी ब्रशनं, मग काडीनं, मग जुन्या सायकलच्या पंपानं ती काढली. वर्तमानपत्रावर इतकी हळद पडली की आत्या दारातून म्हणाली, ‘फेकू नका, पायाला लावायला होईल.’ खोलीत हळदीकुंकवासारखा वास सुटला.

मग त्यांनी जुना प्रोसेसर काढला. तो खरंच चिकटवलेला नव्हता. शेजारचा एक छोटा स्क्रू अर्धा फिरवला की तो सुटतो. दोन्ही प्रोसेसर मामांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले, जुन्यावरचा उष्णता ओढून घेणारा, आता वाळलेला लेप काढला, आणि दोन स्टीलच्या वाट्यांत ठेवले. नवा उजवीकडे, जुना डावीकडे. पुसल्यावर ते जुळ्या भावांसारखे दिसत होते, तेवढेच मोठे, तसेच हिरवे, मधे तसाच चकचकीत चौकोन. फरक फक्त त्या चौकोनावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत होता.

इथं आत्या चहा आणि पोहे घेऊन आली. त्या घरात चहा आला की टेबलावर जागा करायची असते, ऑपरेशन चालू असलं तरी. तिनं दोन्ही वाट्या उचलून खिडकीत माझ्या पायाशी ठेवल्या. चहा झाल्यावर बशा आवरता आवरता तिनं वाट्या परत टेबलावर ठेवल्या. खिडकीतून उचलताना एक या हातात, एक त्या हातात, आणि वळताना तिचे हात एकमेकांवरून गेले. मला वाटलं, वाट्या बदलल्या. मग वाटलं, नसतील बदलल्या. अक्षरं वाचून पाहते असं म्हणायला तोंड उघडलं, पण मामा श्वास रोखून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसले होते. इतक्या शांत खोलीत आपला आवाज पहिल्यांदा काढायचा, तोही संशय घ्यायला, हे मला जमलं नाही. मी तोंड मिटलं.

मामांनी उजवीकडच्या वाटीतला प्रोसेसर चिमट्यात धरला. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला. बोटं थरथरत होती, पण सॉकेटजवळ येताच कशी कोण जाणे थांबली. ‘ढकलायचं न्हाई मॅडम,’ ते अगदी हळू म्हणाले, ‘आपल्या वजनानं बसला पाहिजे. आपण ढकललं की वाकलंच.’ तो बसला. टक्क असा आवाजही झाला नाही. एकही पीन वाकली नव्हती. त्यांनी लेप लावला, पंखा बसवला, पत्रिकेवरचा एकेक स्क्रू जिथला तिथं गेला, आणि पत्रिका पूर्ण रिकामी झाली, जे त्या टेबलावर नेहमीच होतं असं नाही.

लॅपटॉप दोन मिनिटांत सुरू झाला. पंख्याचा आवाज ऐकायला कान जवळ न्यावा लागला. मामांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, ‘ताप उतरला.’ आत्यानं शेजारच्या काकूंना बोलावून आणलं, ज्यांचा मिक्सर उडाला होता त्यांना मुद्दाम. दादाला फोन लागला. मामांनी तो माझ्यासमोर धरला. ‘मॅडम, सांगा त्याला किती वेळात सुरू होतो.’ मी म्हटलं, ‘दोन मिनिटांत.’ दादा म्हणाला, ‘खरंच?’ मी म्हटलं, ‘खरंच.’ ते खरंच होतं.

जेवणं झाल्यावर मी खिडकीत बसून लॅपटॉपच्या माहितीचं पान उघडलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं, आय थ्री. मी पान बंद करून परत उघडलं. तेच. म्हणजे आत्याच्या हातून वाट्या बदलल्या होत्या, मामांनी जुनाच प्रोसेसर परत बसवला होता, आणि लॅपटॉपचा श्वास फक्त हळदीनं कोंडला होता. आता काय करायचं हे उघड होतं. झाकण परत उघडायचं, दुसऱ्या वाटीतला बसवायचा, अर्ध्या तासाचं काम. मामांना सांगायचं कसं, तेवढाच प्रश्न होता. मी वाक्य आधी इंग्रजीत तयार केलं, मग मराठीत आणलं, मग त्यातला ‘चूक’ हा शब्द काढला, मग ‘आत्या’ काढली, आणि जे उरलं ते घेऊन पुढच्या खोलीत गेले.

मामांनी दुसरा प्रोसेसर शिकंज्यात धरला होता. त्याच्या पाठीवरच्या नऊशेच्या वर पिना कानशीनं घासून गुळगुळीत केल्या होत्या आणि कोपऱ्यात हातड्रिलनं भोक पाडणं चालू होतं. ‘मामा, एक मिनिट,’ मी म्हटलं, आणि ड्रिल आरपार गेलं.

‘काय म्हणत व्हत्या मॅडम?’

त्यांनी भोकावर फुंकर मारली, त्यात कडी अडकवली आणि स्कूटरची किल्ली लावून माझ्यासमोर धरली. ‘थकला होता बिचारा. पण फेकू वाटंना.’

मी म्हटलं, ‘आत्या चहा ठेवते का विचारत होती.’ आत्यानं असं काही विचारलं नव्हतं, त्यामुळे मला आत जाऊन तिला चहा ठेवायला सांगावं लागलं.

पुढचे दोन महिने ती किल्ली बाळापूरभर फिरली. पेट्रोल पंपावर, दळणाच्या गिरणीत, बाजारात भाजी घेताना मामा ती काउंटरवर ठेवायचे, समोरचा विचारेपर्यंत उचलायचे नाहीत. ‘हा काढला. याच्या जागी नवा टाकला. एक पीन वाकू दिली न्हाई.’ न विचारणारा क्वचित भेटला, तर तो विचारेपर्यंत मामा तिथंच वाट पाहत उभे राहत. मी सोबत असले तर साक्षीदार म्हणून ते माझ्याकडे पाहायचे आणि मी मान हलवायची. एक पीन वाकली नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकत होते. बाकीचं मला कुणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यात दादा आला तेव्हा मी तिथंच होते. मोबाइलवाला सकाळीच खोली पाहून, दाराची रुंदी मोजून गेला होता, आणि दुपारी त्याला पक्कं सांगायचं ठरलं होतं. मामा दादाला म्हणाले, ‘लॅपटॉप पाहून घे. मग बोलू,’ आणि स्कूटर काढून दही आणायला गेले. आत्या स्वयंपाकघरात होती. दादा टेबलाच्या खुर्चीत बसला आणि त्यानं लॅपटॉप उघडला. मला वाटलं होतं, सुरू होताना पाहील आणि झालं. पण तो कॉम्प्युटरच्या कंपनीतला माणूस होता. त्यानं चार बटणं दाबली आणि माहितीचं पान उघडलं.

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘हे तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘त्याच दिवसापासून.’

‘बाबांना?’

‘नाही.’

‘मग नवा कुठं आहे?’

‘स्कूटरच्या किल्लीला.’

दादानं डोकं टेबलावर टेकलं. त्याचे खांदे हलत होते, आणि तो हसतोय हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग त्यानं डोकं वर केलं. ‘आणि हा चालतो कशावर?’

‘हळद काढली ना मामांनी. सगळी.’

‘नुसती हळद?’

‘हो. आणि काढून परत बसवला तरी एक पीन वाकली नाही.’ एवढं लांब वाक्य मी दादाशी याआधी कधी बोलले नव्हते. मग अजून एक बोलले. ‘वाट्या बदलल्या तेव्हा मी पाहिलं होतं. मी बोलायला पाहिजे होतं.’

दादानं टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. त्याच्या मुठीला दादाच्या शाळेच्या बेल्टचा तुकडा गुंडाळलेला आहे, निळा, आता जवळजवळ काळा. तो त्यानं नखानं थोडा उकलला आणि परत होता तसा दाबून बसवला. बाहेर स्कूटर थांबली. दादानं ते पान बंद केलं.

मामा दह्याची पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले. आत आले नाहीत. ‘पाहिला का?’

‘पाहिला.’

‘कोणता हाय?’

खोलीत पंख्याचा आवाज येत होता, छताच्या. दादा म्हणाला, ‘आय फाइव्ह आहे बाबा. बराबर बसलाय.’

‘ढकलला न्हाई मी,’ मामा म्हणाले. ‘आपल्या वजनानं बसला.’

मग त्यांनी दही आत नेऊन दिलं, परत आले, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता. दादा ओट्यावर जाऊन मोबाइलवाल्याला फोनवर सांगत होता की खोली द्यायची नाही, घरचे वापरतात. मामा चष्मा पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मला हिंगोलीला परतायचं होतं. मामा मला स्कूटरवर स्टँडला घेऊन आले. माझी बॅग जड होती, तीत वर्कबुकांचे गठ्ठे होते. ती पायापाशी अडकली होती, म्हणून ती काढायला त्यांनी दोन्ही हात मोकळे केले आणि किल्ली माझ्या हातात दिली. उन्हात तो प्रोसेसर माझ्या तळव्यावर पडला होता. दोन महिने खिशात घासून त्याचा चौकोन आरशासारखा झाला होता, आणि अक्षरं अजून तशीच होती, सरळ उन्हात कुणालाही वाचता येतील अशी. टपरीवाला चहाचे ग्लास विसळत शेजारीच उभा होता. मी मूठ मिटली.

मामांनी बॅग बाकावर ठेवली, कपाळ पुसलं, आणि माझ्या मुठीकडे पाहिलं.

‘काय लपवून राहिल्या मॅडम?’

‘काही नाही, मामा.’

‘मग द्या की.’

मी किल्ली दिली. ती घेताना त्यांनी प्रोसेसरवरून अंगठा फिरवला, जसा ते नेहमी फिरवतात, आणि म्हणाले, ‘पोरगं म्हणत होतं पुण्याला चला. मी म्हटलं, येतो ना, चार दिवस येतो. आता काय, टेबल हाय इथं.’ मी मान हलवली. मला अजून काही म्हणायचं होतं, पण कळमनुरीमार्गे हिंगोलीची गाडी लागली आणि लोक दाराशी गोळा झाले.

खिडकीची जागा मिळाली. गाडी वळेपर्यंत मला ते दिसत होते. टपरीच्या फळीवर त्यांनी किल्ली ठेवली होती आणि टपरीवाल्यानं विचारायची वाट पाहत उभे होते. त्याला गिऱ्हाईक होतं, तो उशिरानं विचारणार होता. मामांना घाई नव्हती.